अंदाज आणि उलगडा

पुण्यात शिवाजीनगरच्या बाजूस हवामान खात्याची जी जुनी इमारत उभी आहे, तिला पुणेकर पिढ्यान्‌पिढ्या ‘सिमला ऑफिस’ म्हणत आले आहेत. शेजारच्या चौकालाही तेच नाव पडले आहे. त्या चौकातून रोज जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की, हे नाव १९२८ सालच्या एका स्थलांतराची खूण आहे. त्या वर्षी हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले. पुढे १९४४ साली ते दिल्लीस गेले. नाव मात्र पुण्यातच राहिले.

सिमल्याहून या खात्याबरोबर जी दप्तरे आली, त्यांत एक प्रश्नही आला. येत्या चार महिन्यांत पाऊस कसा पडेल, हा तो प्रश्न. तो दिसतो साधा. परंतु त्याच्या पोटात आणखी दोन प्रश्न दडलेले आहेत. अंदाज सांगणारा तो कशावरून सांगतो, हा पहिला. आज खरा ठरलेला आधार उद्याही टिकेल काय, हा दुसरा. आज यंत्राला शिकविण्याचे जे नवे शास्त्र ‘डीप लर्निंग’ या नावाने जगभर गाजत आहे, त्याच्यापुढेही हेच दोन प्रश्न उभे आहेत. पहिल्याला उलगडा म्हणता येईल आणि दुसऱ्याला टिकाऊपणा. यंत्रे नवी असली, तरी प्रश्न नवे नाहीत. हिंदुस्थानच्या पावसाने ते दीडशे वर्षांपूर्वीच विचारून ठेवले होते.

शेतकऱ्याजवळ त्यापूर्वी उत्तर नव्हते असे नाही. पंचांगात नक्षत्राचे वाहन दिलेले असे. वाहन हत्ती किंवा म्हैस असले की पाऊसमान चांगले, असा ठोकताळा होता. परंतु १८७६ ते १८७८ या काळातील भीषण दुष्काळात लक्षावधी माणसे दगावली, आणि केवळ ठोकताळ्यांवर विसंबणे राज्यकर्त्यांनाही परवडेनासे झाले. हवामान खात्याची स्थापना त्याच्या आदल्याच वर्षी, १८७५ साली, झाली होती. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड हे मूळचे भूगर्भशास्त्रज्ञ. हिमालयावर वसंत ऋतूत बर्फ अधिक पडले की पुढे मैदानात कोरडे वारे वाहतात आणि पाऊस ओढ धरतो, असा विचार त्यांनी १८८४ साली मांडला. त्या आधारावर ४ जून १८८६ रोजी मोसमी पावसाचा पहिला रीतसर अंदाज प्रसिद्ध झाला.

ब्लॅनफर्ड यांच्या अंदाजाचा एक गुण विसरता येत नाही. त्याच्यामागे कारण होते, आणि ते कोणालाही समजेल असे होते. बर्फामुळे जमीन थंड राहते, थंड जमिनीवर हवेचा दाब वाढतो आणि पाऊस मागे हटतो, ही साखळी शाळकरी मुलालाही सांगता येईल. परंतु समजण्याजोगे कारण पुरेसे असतेच असे नाही. ब्लॅनफर्ड यांच्यामागून आलेल्या जॉन एलियट यांनी याच मार्गाने आणखी कितीतरी गोष्टी जमेस धरल्या. तरीही १८९९ साली चांगल्या पावसाचा अंदाज दिला गेला, आणि प्रत्यक्षात जे अवर्षण आले, ते विक्रम संवत १९५६ वरून राजस्थान-गुजरातेत अजून ‘छप्पनिया’ या नावाने ओळखले जाते. उलगडा होता, पण टिकाऊपणा नव्हता.

१९०४ साली खात्याची सूत्रे गिल्बर्ट वॉकर यांच्या हाती आली. हे गृहस्थ केंब्रिजचे गणिती. १८८९ साली ते तेथील गणिताच्या परीक्षेत पहिले आले होते, आणि बूमरँग हवेत कसे वळते याच्या अभ्यासासाठी त्यांची ख्याती होती. हवामानशास्त्राचा अनुभव त्यांच्या गाठीशी नव्हता. गणिताची त्यांची पारख मात्र अचूक होती. १९१३ च्या फेब्रुवारीत मद्रासच्या भेटीत पोर्ट ट्रस्टमधील एका कारकुनाची टिपणे त्यांना दाखविण्यात आली. ती पाहून, या तरुणास अभ्यासासाठी मोकळीक मिळावी, असे पत्र त्यांनी मद्रास विद्यापीठास लिहिले. तो कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन.

वॉकर यांनी ब्लॅनफर्ड यांचा मार्ग उलटा केला. आधी कारण शोधायचे आणि मग अंदाज करायचा, ही जुनी रीत. आधी आकड्यांतील संबंध शोधायचा आणि कारण मागाहून सापडेल तेव्हा सापडेल, ही वॉकर यांची रीत. जगभरच्या वेधशाळांतून त्यांनी दाब, तापमान आणि पाऊस यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी मागविल्या. कालक्रमाने मांडलेल्या अशा नोंदींच्या मालेस संख्याशास्त्रात कालश्रेणी म्हणतात. कारकुनांच्या हातांनी त्या मालांचे एकमेकींशी असलेले सहसंबंध काढण्यात आले. वॉकर यांच्या पहिल्या सूत्रात हिमालयाचे बर्फ तर होतेच. पण मॉरिशसमधील दाब, दक्षिण अमेरिकेतील दाब आणि झांजीबारचा पाऊसही होता. सांताक्रूझच्या शेतातला पाऊस सँतियागोच्या हवेवरून का ओळखावा, याचे उत्तर त्या वेळी कोणापाशीच नव्हते.

या मार्गातील धोका वॉकर यांनी स्वतःच ओळखला, हा त्यांचा मोठेपणा. १९१४ साली त्यांनी एक इशारा दिला. शेकडो संबंध तपासून त्यांतला सर्वांत मोठा उचलला, तर तो निव्वळ योगायोगानेही मोठा असू शकतो. म्हणून जितके अधिक संबंध धुंडाळावेत, तितकी कसोटी अधिक कडक हवी. बाजारात शंभर जणांनी नाणे उडविले, तर एखाद्याच्या हातून सहा वेळा छाप पडणारच. त्यावरून तो सिद्धपुरुष ठरत नाही. आज अब्जावधी आकड्यांत संबंध शोधणाऱ्या यंत्राच्या संदर्भात हा इशारा वाचला, की तो शंभर वर्षांपूर्वीचा वाटत नाही.

वॉकर यांच्या शोधांत सर्वांत मोलाचा ठरला तो १९२४ च्या सुमाराचा. पॅसिफिक महासागरावर दाब वाढला की हिंदी महासागरावर तो उतरतो, आणि उलटही घडते. जणू दोन महासागर एका तराजूची दोन पारडी आहेत. या हेलकाव्यास त्यांनी ‘सदर्न ऑसिलेशन’ म्हटले. त्याचे कारण त्यांना सांगता आले नाही. १९५८ साली वॉकर निवर्तले, तेव्हा त्यांच्यावरील मृत्युलेखात, या संबंधांतून जागतिक हवामानाचा सिद्धांत उभा राहील ही त्यांची आशा फळास येताना दिसत नाही, अशा अर्थाचा अभिप्राय आला. त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी, १९६९ साली, याकोब ब्यर्कनेस यांनी पॅसिफिकच्या पाण्याचे तापमान आणि हा हेलकावा यांची सांगड घालून दाखविली, आणि त्या वायुचक्रास वॉकर यांचेच नाव दिले. आकड्याला कारण सापडण्यास पंचेचाळीस वर्षे लागली. या पंचेचाळीस वर्षांत त्या आकड्यावर किती विसंबावे, हाच खरा पेच होता.

वॉकर यांची दुसरी देणगी गणिताच्या पुस्तकात राहिली. १९२७ साली उडनी यूल या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने सूर्यावरील डागांच्या नोंदी अभ्यासल्या. आजचा आकडा काल आणि परवाच्या आकड्यांवरून काढता येतो, आणि त्यात दरवेळी थोडा धक्का मिसळतो, अशी त्यांची कल्पना. मुले खोलीत शिरून लंबकावर वाटाण्यांचा मारा करीत आहेत, असे चित्र त्यांनी उदाहरणादाखल दिले. लंबक आपल्या नियमाने झुलतो. वाटाणे त्याला चुकवितात. १९३१ साली वॉकर यांनी हा विचार पुढे नेला. कालश्रेणीच्या अभ्यासात ‘यूल-वॉकर समीकरणे’ आजही शिकविली जातात. पुढचा आकडा मागच्या आकड्यांत शोधावा, हे त्यांचे सूत्र.

नेमके हेच सूत्र त्याच सुमारास भाषेलाही लावले जात होते. १९१३ साली, म्हणजे वॉकर यांनी रामानुजन यांची टिपणे पाहिली त्याच वर्षी, आंद्रेई मार्कोव्ह या रशियन गणित्याने पुश्किनच्या ‘येव्गेनी ओनेगिन’ या काव्यातील पहिली २०,००० अक्षरे घेऊन स्वरामागून स्वर किती वेळा येतो आणि व्यंजन किती वेळा, याची मोजदाद केली. १९४८ साली क्लॉड शॅनन यांनी तोच धागा उचलला. मागची अक्षरे दिसली की पुढचे अक्षर किती अंशी ओळखता येते, हे त्यांनी १९५१ साली माणसांकडून ओळखवून मोजले. पाऊस काय किंवा वाक्य काय, गणिताच्या दृष्टीने दोन्ही एकामागून एक येणाऱ्या पदांच्या माळा.

यंत्राने संवाद करण्याचा पहिला गाजलेला प्रयोग मात्र या गणितावाचूनच झाला. १९६६ साली अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ ही कार्यप्रणाली प्रसिद्ध केली. नाव घेतले होते शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातील फुलवालीचे. मराठी रसिकांना ती पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’मुळे परिचित आहे. कोणी ‘मी उदास आहे’ असे लिहिले, की एलायझा ‘तुम्ही उदास का आहात?’ असे विचारी. समज तेथे मुळीच नव्हती; वाक्याचा साचा उलटविण्याची युक्ती होती. तरीही वायझेनबॉम यांच्या सचिव बाईंनी यंत्राशी काही वेळ बोलल्यावर, आपण खोलीबाहेर जाल का, असे त्यांनाच सुचविले. या अनुभवाने ते अस्वस्थ झाले, आणि १९७६ साली यंत्रावरील अशा भाबड्या विश्वासाविरुद्ध त्यांनी ग्रंथ लिहिला. एलायझाची युक्ती समजावून सांगितली की तिची जादू ओसरते, हे त्यांनी आधीच नमूद केले होते. उलगडा केला की भ्रम जातो, हा त्यातला बोध.

इकडे भारतात पावसाच्या अंदाजाने नवे वळण घेतले होते. १९८८ साली डॉ. वसंत गोवारीकर यांच्या मार्गदर्शनाखाली १६ घटकांचे सूत्र तयार झाले. देशविदेशांतील तापमान, दाब, वारे आणि बर्फ यांचा त्यात मेळ होता. पुढे सलग १४ वर्षे देशाचा पाऊस सर्वसाधारण राहिला, अंदाजही तसाच राहिला, आणि सूत्राबद्दल विश्वास वाढत गेला. २००२ साली दीर्घकालीन सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा अंदाज होता. प्रत्यक्षात जुलैत पावसाने सरासरीच्या निम्म्याच्या आसपास मजल मारली, आणि हंगामाअखेर तो ८१ टक्क्यांवर थांबला. पेरलेले बियाणे करपले. ज्यांच्यात ताकद होती त्यांनी दुबार पेरणी केली, इतरांनी सावकाराचे दार गाठले. चौकशीत आढळले ते असे की, सोळांपैकी बऱ्याच घटकांचा पावसाशी असलेला संबंध दरम्यानच्या काळात क्षीण झाला होता. २००३ साली सूत्र बदलण्यात आले.

याची सूचना आधी मिळाली नव्हती असे नाही. १९९७ साली पॅसिफिकमध्ये विसाव्या शतकातील अत्यंत प्रबळ एल निनो आला होता. जुन्या संबंधानुसार भारतात अवर्षण पडावयास हवे होते. पाऊस सरासरीहून किंचित अधिकच झाला. एल निनो आणि भारतीय पाऊस यांचा संबंध सैल होत आहे काय, असा प्रश्न विचारणारा प्रबंध १९९९ साली कृष्णकुमार, राजगोपालन आणि केन यांनी प्रसिद्ध केला. भूतकाळाने शिकविलेला धडा भविष्यकाळ पाळीलच, असा करार कोणी केलेला नसतो.

नव्या यंत्रविद्येचा प्रवेश याच काळात झाला. मेंदूतील मज्जातंतूंच्या जाळ्याची अंधुक नक्कल म्हणून गणिताचे एक जाळे रचावयाचे. त्याच्या प्रत्येक दुव्यास एक वजन द्यावयाचे. उत्तर चुकले की चूक मागे वाहून नेऊन वजने किंचित बदलावयाची. १९८६ साली रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांनी ही रीत लोकप्रिय केली. १९९० साली जेफ्री एल्मन यांनी जाळ्याला मागच्या पदाची आठवण दिली. ती आठवण लांबच्या पल्ल्यावर विरून जाते, हे म्युनिकमध्ये सेप होखरायटर यांनी १९९१ साली दाखविले, आणि १९९७ साली युर्गेन श्मिडहूबर यांच्यासह ‘एल.एस.टी.एम.’ नावाचा उपाय सुचविला. २०१७ साली ‘ट्रान्सफॉर्मर’ ही रचना आली. कोणत्या पदाने मागच्या कोणत्या पदाकडे किती लक्ष द्यावे, हे यात यंत्र स्वतःच शिकते. ती भाषांतरासाठी निर्माण झाली. पण लवकरच संवाद, नाडीचे आलेख, बाजारभाव आणि हवामान या सर्वांना लागू पडली. मार्कोव्ह आणि वॉकर यांचे दोन वेगळे ओहोळ एका नदीत मिळाले.

नदी मोठी झाली, तसा तळ दिसेनासा झाला. वॉकर यांच्या पहिल्या सूत्रात मोजके चार घटक होते. गोवारीकर यांच्या सूत्रात सोळा. २०२० साली जाहीर झालेल्या जी.पी.टी.-३ या भाषायंत्रात सुमारे १७,५०० कोटी वजने होती. यांतील कोणत्या वजनामुळे कोणता शब्द उमटला, हे त्याच्या निर्मात्यांनाही सहज सांगता येत नाही.

हा केवळ तात्त्विक आक्षेप नव्हे. अमेरिकेत न्यूमोनियाच्या रुग्णांची जोखीम ओळखण्याचा एक प्रयोग १९९० नंतरच्या दशकात झाला. दम्याच्या रुग्णास न्यूमोनियाचा धोका कमी, असा उफराटा नियम नोंदींतून निघाला. कारण शोधता आढळले की, दम्याच्या रुग्णांस तातडीने अतिदक्षता विभागात नेले जाई, म्हणून ते वाचत. यंत्राने आकडे खरे वाचले होते. अर्थ खोटा निघत होता. हा नियम दिसला तो वाचता येण्याजोग्या सूत्रात. मज्जाजालाचे यंत्र त्याहून अचूक होते. पण त्याच्या पोटात असेच आणखी काय दडले आहे हे कळण्यास मार्ग नव्हता, म्हणून ते रुग्णांसाठी वापरावयाचे नाही असे ठरले.

टिकाऊपणाची परीक्षाही अशीच कठोर ठरली. डोळ्यास न दिसणारा फरक चित्रात केला तरी यंत्र भलतेच उत्तर देते, हे २०१३ साली सिद्ध झाले. २०१७ साली जिया आणि लियांग यांनी उताऱ्याच्या शेवटी एक असंबद्ध वाक्य जोडले, तेव्हा प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या यंत्रांचे सरासरी गुण ७५ वरून ३६ वर घसरले. २०२० साली हृदयाच्या आलेखाबाबतही तेच घडले. तज्ज्ञास एकसारख्या दिसणाऱ्या दोन आलेखांना यंत्राने वेगवेगळे निदान दिले. यूल यांच्या लंबकाला वाटाण्यांनी चुकविले होते. या लंबकाला धुळीचा कणही पुरला.

यंत्राचे ‘लक्ष’ कोठे आहे ते पाहिले की त्याचे कारण कळेल, अशी एक आशा होती. २०१९ साली जैन आणि वॉलेस यांनी, लक्ष म्हणजे स्पष्टीकरण नव्हे, असा प्रबंध लिहिला. लक्ष अगदीच निरर्थक नाही, असे प्रत्युत्तर त्याच वर्षी विग्रेफ आणि पिंटर यांनी दिले. सिंथिया रुडिन यांनी तर, जेथे माणसाचे भवितव्य पणाला लागलेले असते तेथे अपारदर्शक यंत्राचा मागाहून खुलासा करीत बसण्यापेक्षा मुळातच समजेल असे सूत्र वापरावे, अशी भूमिका त्याच वर्षी घेतली.

उजेडाची बाजूही सांगितली पाहिजे. २०१९ सालीच हॅम, किम आणि लुओ यांनी एल निनोचा अंदाज सुमारे दीड वर्ष आधी देणारे जाळे प्रसिद्ध केले. प्रत्यक्ष नोंदी अपुऱ्या असल्यामुळे त्यांनी जाळ्यास प्रथम हवामानाच्या संगणकीय प्रतिकृतींवर शिकविले, आणि समुद्राच्या कोणत्या भागावरून ते निष्कर्ष काढते याचे नकाशेही दिले. त्या नकाशांवर हवामानशास्त्रज्ञ वाद घालू शकले. उलगड्याचा खरा उपयोग हाच. ज्याचे कारण सांगितले जाते, ते खोडून काढता येते. आणि खोडून काढण्याच्या प्रयत्नातून जे तगते, त्यावरच विसंबता येते.

हे सारे आता प्रयोगशाळेपुरते राहिलेले नाही. २०२३ साली केंद्र शासनाने ‘किसान ई-मित्र’ हा संवादयंत्राचा उपक्रम सुरू केला. शेतकऱ्याने आपल्या भाषेत विचारावे आणि यंत्राने उत्तर द्यावे, अशी योजना. २०२५ च्या खरीप हंगामात कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतील सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना पावसाच्या आगमनाचा अंदाज मोबाइलवरून कळविला. तो मज्जाजालावर आधारलेल्या प्रतिकृती आणि १२५ वर्षांच्या पावसाच्या नोंदी यांच्या मेळातून काढलेला होता. त्या वर्षी पाऊस लवकर आला आणि मध्येच थबकला. हा खंड अंदाजात आधीच सांगितलेला होता. ब्लॅनफर्ड यांचा प्रश्न आणि एलायझाचा संवाद शेतकऱ्याच्या तळहातावर एकत्र आले.

एका हंगामाच्या यशाने समाधान वाटावे, पण हुरळून जाऊ नये. चौदा हंगामांच्या यशानंतरही २००२ साल आले होते. भारतीय राज्यकारभारात एक जुना दंडक आहे की, नागरिकाच्या हिताला बाध आणणाऱ्या हुकुमात कारणे नमूद असावीत. कारणे असली तर अपील करता येते. घरातले शेवटचे पोते जमिनीत टाकावे की ठेवावे, हे ज्या संदेशावरून ठरते, तो शेतकऱ्याच्या दृष्टीने कोणत्याही हुकुमाहून कमी नाही. तेव्हा तो कशावरून दिला, किती खात्रीने दिला, आणि कोणत्या परिस्थितीत तो चुकेल, हेही त्याच्यासोबत गेले पाहिजे.

पावसाळ्याच्या तोंडावर सिमला ऑफिसच्या परिसरात आजही आकडे जुळविले जातात. कारकुनांच्या जागी यंत्रे आली आहेत, आणि वॉकर यांनी वर्षानुवर्षे केलेली बेरीज आता क्षणात होते. त्यांचा १९१४ चा इशारा मात्र कोणत्याही यंत्राने कालबाह्य केलेला नाही. संबंध जितके अधिक धुंडाळाल, तितकी कसोटी कडक ठेवा. आभाळाकडे पाहत तिफण खांद्यावर घेऊन बांधावर उभ्या असलेल्या माणसाला अचूकतेची टक्केवारी कळली नाही तरी चालेल. पण त्याने ‘कशावरून?’ असे विचारले, तर त्याला उत्तर मिळाले पाहिजे.